आठ मिलिमीटर कशासाठी?

प्रति,
मा. सचिव,
विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, भारत सरकार,
नवी दिल्ली



२००५ साली ‘न्यूरोइमेज’ या नियतकालिकात डेरेक जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध आला. त्यांच्या हाती दोन गटांचे मेंदूचे स्कॅन होते. एक गट स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा, दुसरा निरोगी माणसांचा. मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्याच्या रचनेत या दोन गटांत फरक कुठे आहे, एवढाच प्रश्न होता. स्कॅन तेच, माणसे तीच, तुलनेचे गणितही तेच. बदलला तो फक्त एक आकडा : तुलना करण्याआधी प्रतिमा किती मिलिमीटरने स्मूद करायची, म्हणजे शेजारच्या बिंदूंशी सरासरी घेऊन गुळगुळीत करायची. हा आकडा शून्यापासून सोळापर्यंत फिरवून पाहिला, तसतसा निष्कर्ष फिरत गेला. एका मापाला फरक कानशिलामागच्या वरच्या वळीत दिसला. दुसऱ्या मापाला तो लहान मेंदूत दिसला, आणखी एका मापाला दोन्हीकडे. काही मापांना कुठेच फरक नव्हता.

चार प्रयोगशाळांनी चार मापे निवडली असती, तर एकाच माहितीवरून चार निबंध छापून आले असते. आणि चारही प्रयोगशाळा प्रामाणिकच असत्या.

हे पत्र आपल्या नावे लिहिण्याचे कारण असे की, हे माप भारतातही रोज निवडले जाते आणि त्या कामाला पैसा लोकांचा लागतो. आपल्या विभागाने २००८ मध्ये ‘कॉग्निटिव्ह सायन्स रिसर्च इनिशिएटिव्ह’ सुरू केला. बंगळुरूचे निम्हान्स आणि मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र यांसारख्या संस्थांत मेंदूच्या प्रतिमांवर गंभीर काम चालते. प्रकल्पाच्या प्रस्तावात यंत्र कोणते, सहभागी किती, नैतिकता समितीची परवानगी आहे की नाही, हे लिहावे लागते. स्मूदिंग किती आणि का, हा प्रश्न त्याच पंक्तीला बसायला हवा.

एफएमआरआय, म्हणजे मेंदूचे काम चालू असताना त्याच्या प्रतिमा घेण्याचे तंत्र, पेशींचे काम थेट पाहत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणानुसार चुंबकीय सिग्नल बदलतो, हे १९९० मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये सेइजी ओगावा यांनी दाखवले. पुढचा सगळा डोलारा त्या बदलावर उभा आहे. हा बदल फार थोडा असतो, बहुतेक प्रयोगांत एखाद-दोन टक्के, कित्येकदा त्याहूनही कमी. श्वास, हृदयाचे ठोके, डोक्याची बारीकशी हालचाल, यंत्राची स्वतःची खरखर, या सगळ्या गोंगाटातून तो वेचायचा असतो. प्रतिमा बनते छोट्या छोट्या घनांची. एकेका घनाला व्हॉक्सेल म्हणतात आणि त्याची बाजू साधारण दोन-तीन मिलिमीटर असते. स्मूदिंग करायचे म्हणजे प्रत्येक व्हॉक्सेलच्या जागी तो आणि त्याचे शेजारी यांची मिळून सरासरी ठेवायची. त्यात जवळच्या शेजाऱ्याला वजन जास्त, लांबच्याला कमी. हे वजन घंटाकृती वक्राप्रमाणे उतरत जाते. निम्म्या उंचीवर त्या वक्राची रुंदी आठ मिलिमीटर भरली, की त्याला ‘आठ मिलिमीटरचे स्मूदिंग’ म्हणायचे.

या आठ मिलिमीटरने काय घडते, ते कागदावर मांडून पाहता येते. व्हॉक्सेल तीन मिलिमीटरचा धरू. गोंगाट प्रत्येक व्हॉक्सेलमध्ये स्वतंत्र आहे, असेही धरू. प्रत्यक्षात तो इतका सरळ नसतो, पण हिशेबाची दिशा तीच राहते. सरासरी घेतल्यावर हा गोंगाट सुमारे आठव्या हिश्श्यावर येतो. आता मेंदूत दोन ठिकाणी सिग्नल आहेत, एक बारा मिलिमीटर रुंदीचा आणि एक चार मिलिमीटरचा. स्मूदिंगनंतर बारावाल्याचे शिखर मूळच्या ५८ टक्क्यांवर येते. गोंगाट आठपटीने घटला आणि सिग्नल निम्म्याहून अधिक शिल्लक राहिला, म्हणजे तो पूर्वीच्या साडेचार पट ठळक झाला. चारवाल्याचे शिखर मात्र उरते जेमतेम नऊ टक्के. गोंगाट जितका घटला त्याहून सिग्नल जास्त घटला, म्हणून तो स्मूदिंगआधी जेवढा दिसत होता तेवढाही आता दिसत नाही. एकाच मापाने एका शोधाला हात दिला आणि दुसरा पुसून टाकला.

म्हणून ‘किती स्मूदिंग चांगले?’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. आपण शोधतो आहोत ती गोष्ट केवढी आहे, यावर ते ठरते. सिग्नल प्रोसेसिंगमध्ये हे तत्त्व फार जुने आहे : फिल्टरचे, म्हणजे सरासरी घेण्याच्या वक्राचे, माप शोधायच्या सिग्नलच्या मापाशी जुळले, तर सिग्नल सर्वांत उठून दिसतो. भाषा ऐकताना मेंदूचे मोठमोठे पट्टे काम करतात, तिथे आठ मिलिमीटर खपून जातात. भीतीच्या अभ्यासात ज्याचे नाव सतत येते तो अमिग्डाला मात्र जेमतेम दीड सेंटिमीटरचा आणि त्याला लागूनच हिप्पोकॅम्पस. वेदनेच्या अभ्यासात महत्त्वाचा मानलेला मध्यमेंदूतला करडा पट्टा एका बारीक नळीभोवती काही मिलिमीटर जाडीने वेढलेला असतो. इथे आठ मिलिमीटर वापरले, तर शेजाऱ्याचे काम या भागाच्या नावावर जमा होऊ शकते.

स्मूदिंग मुळातच वाईट, असे या पत्राचे म्हणणे नाही. ते करण्यामागे पक्की कारणे आहेत. एक कारण गोंगाटाचे, ते वर आलेच. दुसरे शरीररचनेचे. दोन माणसांचे मेंदू एका साच्यात बसवले, तरी त्यांच्या वळ्या तंतोतंत एकमेकींवर येत नाहीत. स्मूदिंगमुळे हा चुकलेला मेळ काही प्रमाणात झाकला जातो. तिसरे कारण संख्याशास्त्राचे. एका मेंदूत एक लाखाच्या आसपास व्हॉक्सेल असतात. प्रत्येकाची वेगळी चाचणी घेतली, तर निव्वळ योगायोगाने शेकडो ठिकाणी ‘काहीतरी’ सापडेल. हा धोका आवरण्यासाठी कीथ वर्स्ली यांनी १९९० च्या दशकात ‘रँडम फील्ड थिअरी’ मेंदूच्या प्रतिमांना लावली. ते गणित चालायला प्रतिमा पुरेशी स्मूद असावी लागते, साधारण व्हॉक्सेलच्या दोन-तीन पट. तेव्हा स्मूदिंग करणारा संशोधक काही लपवत नसतो. त्याने कारण सांगावे, एवढीच अपेक्षा आहे.

आणि इथेच गाडी अडते. एसपीएम हे मेंदूच्या प्रतिमांच्या विश्लेषणाचे सॉफ्टवेअर उघडले, की स्मूदिंगच्या रकान्यात ८ आधीच भरलेले असते. एफएसएल या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच जागी ५ असतात. पीएचडीला नुकताच लागलेला विद्यार्थी रात्री प्रयोगशाळेत बसून विश्लेषण लावतो तेव्हा तो आकडा तसाच राहतो, कारण मागच्या विद्यार्थ्यानेही तोच ठेवला होता आणि त्याचा निबंध छापून आला होता. निबंधात मग एक वाक्य उतरते : प्रतिमा आठ मिलिमीटरच्या फिल्टरने स्मूद केल्या. आठच का, याला उत्तर नसते, कारण तो प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने रिकामा रकाना राहू नये म्हणून भरलेला आकडा हे वैज्ञानिक कारण होऊ शकत नाही. उलट, आज जगभर वापरात असलेले एफएमआरआयप्रेप हे सॉफ्टवेअर प्रतिमांची पूर्वतयारी करून देते, पण स्मूदिंगचा निर्णय संशोधकावर सोडते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा हा शहाणपणा आपल्या निधी-नियमांतही यावा.

स्मूदिंग करायचे कसे, हा प्रश्नही किती करायचे याइतकाच वजनदार आहे. मेंदूचे बाह्य कवच सरासरी अडीच मिलिमीटर जाडीचे आणि घड्या घालून कोंबलेले असते. सह्याद्रीत दरीच्या दोन काठांवरची दोन गावे एकमेकांना हाक मारतील इतकी जवळ दिसतात, पण एका गावातून दुसऱ्यात जायला अख्खा घाट उतरून पुन्हा चढावा लागतो. कवचाच्या घडीचे दोन काठ तसेच असतात. सरळ रेषेत ते दोन-तीन मिलिमीटरवर असतील, पण कवचावरून मोजले तर कित्येक सेंटिमीटर दूर आणि कामानेही एकमेकांहून निराळे. सर्व दिशांना सारखी पसरणारी सरासरी दरी ओळखत नाही. ती या काठाचा सिग्नल त्या काठावर नेऊन ठेवते. यावर उपाय म्हणून ब्रूस फिशल आणि अँडर्स डेल यांच्या फ्रीसर्फरसारख्या सॉफ्टवेअरने कवचाचा पृष्ठभाग उलगडून त्यावरूनच सरासरी घेण्याची वाट १९९० च्या दशकाअखेर मोकळी केली. अमेरिकेतल्या ह्यूमन कनेक्टोम प्रकल्पाने बाराशेच्या आसपास माणसांचे स्कॅन घेतले आणि पृष्ठभागावर अवघे दोन मिलिमीटर स्मूदिंग ठेवले. २०१८ मध्ये कोल्सन, व्हॅन एसन आणि ग्लासर यांनी दोन्ही रीती शेजारी ठेवून मोजल्या. कवचावरचे प्रदेश नेमके कुठे आहेत हे सांगण्यात परंपरागत घनाकृती रीत सर्वोत्तम पृष्ठभागीय रीतीच्या फक्त ३५ टक्के इतकीच उतरली. ज्या क्षेत्राचा सगळा दावाच ‘मेंदूत कुठे’ याचे उत्तर देण्याचा आहे, त्याने हा आकडा मनावर घ्यायला हवा.

२०१६ साल या क्षेत्राला हादरवणारे ठरले. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठाचे अँडर्स एक्लुंड आणि हान्स क्नुटसन, तसेच इंग्लंडमधले थॉमस निकोल्स यांनी ४९९ निरोगी माणसांचे स्कॅन घेतले. बेजिंग, केंब्रिज आणि औलू इथे जमवलेले हे स्कॅन सर्वांना खुले होते. ही माणसे स्कॅनरमध्ये नुसती स्वस्थ पडून होती. त्यांना कोणतेही काम दिलेले नव्हते. संशोधकांनी काल्पनिक कामे गृहीत धरली, माणसांचे गट पाडले आणि सुमारे तीस लाख विश्लेषणे चालवली. स्मूदिंग चार, सहा, आठ आणि दहा मिलिमीटर असे बदलून पाहिले. खऱ्या अर्थाने सापडण्यासारखे काहीच नव्हते, तेव्हा खोटा शोध शंभरात पाच वेळा लागणे गणिताला मान्य होते. शेजारशेजारच्या व्हॉक्सेलचे पुंजके धरून निकाल लावण्याच्या रीतीत, पुंजका ठरवण्याचा उंबरठा सैल ठेवला तर, हे प्रमाण काही ठिकाणी सत्तर टक्क्यांपर्यंत गेले. प्रतिमांतले शेजारसंबंध एका ठरावीक घंटाकृती नियमाने उतरतात असे गणितात धरले होते. खऱ्या प्रतिमांत ते तसे उतरत नव्हते, लांबवर रेंगाळत होते. याच तपासात एएफएनआय या सॉफ्टवेअरमधली पंधरा वर्षांची एक चूकही उघडी पडली. ती २०१५ मध्ये दुरुस्त झाली.

या निबंधाचा गाजावाजा फार झाला. चाळीस हजार अभ्यास धोक्यात, असे मथळे जगभर झळकले. मूळ निबंधातच तसा उल्लेख होता. लेखकांनी तो पुढे दुरुस्त करून घेतला. निकोल्स यांनी स्वतः हिशेब मांडून ज्या अभ्यासांवर खरोखर परिणाम होऊ शकतो त्यांचा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास धरला. अतिशयोक्ती झाली ती झालीच, पण आपला आकडा आपणच खाली आणण्याचा त्यांचा हा प्रामाणिकपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आणि साडेतीन हजार हीदेखील लहान संख्या नाही.

चार वर्षांनी, २०२० मध्ये, ‘नेचर’ने आणखी एक निबंध छापला. तेल अवीव विद्यापीठात १०८ माणसांना स्कॅनरमध्ये पैज लावण्याचे निर्णय घ्यायला सांगितले होते. ती सगळी माहिती सत्तर संशोधक-गटांना देण्यात आली आणि नऊ गृहीतकांबद्दल हो की नाही एवढेच विचारले. सत्तर गटांपैकी कोणत्याही दोघांची विश्लेषणाची वाट सारखी निघाली नाही. एका गृहीतकाला ८४ टक्के गटांनी होकार दिला, तीन गृहीतकांना जवळजवळ सगळ्यांनी नकार दिला. उरलेल्या पाचांवर मात्र मत फुटले : त्यांना सुमारे २१ ते ३७ टक्के गटांनी होकार दिला होता. होकार कोण देईल हे कशावरून सांगता येते, हेही तपासले गेले, आणि त्यात ठळकपणे पुढे आली ती अंतिम नकाशाची स्मूदता. नकाशा जितका स्मूद, तितकी ‘सापडले’ म्हणण्याची शक्यता जास्त. ही स्मूदता एकट्या फिल्टरमधून येत नाही. विश्लेषणातल्या इतर निवडीही ती वाढवतात किंवा घटवतात. पण तिच्यावर संशोधकाचा हात असतो, हे निश्चित.

सत्तर गटांतला एकही आळशी नव्हता, एकही लबाड नव्हता.

भारतीय संशोधनाला या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. जगभर ज्या साच्यात मेंदू बसवले जातात, तो माँट्रियलच्या संस्थेत १५२ माणसांच्या स्कॅनवरून बनलेला आहे. हैदराबादच्या ट्रिपलआयटीमधल्या जयंती सिवस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये शंभर भारतीयांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला. परदेशी साच्यांशी तुलना करता भारतीय मेंदूची उंची, रुंदी आणि आकारमान लहान भरले. भारतीय मेंदू परक्या साच्यात ताणून बसवायचा आणि मग राहिलेला चुकीचा मेळ जास्त स्मूदिंगने झाकायचा, हा मार्ग सोपा खरा, पण त्यात नेमकेपणाचा बळी जातो. आधी साचा आपला घ्यावा. मग स्मूदिंग किती कमी करता येते ते मोजावे. हे मोजमाप करण्याजोगे आहे, आपल्याच देशात करण्याजोगे आहे, आणि त्याला निधी द्यायला आपला विभाग योग्य जागा आहे.

मेंदूच्या नकाशाचे वजन प्रयोगशाळेबाहेरही पडते. मेंदूतली गाठ काढण्याआधी बोलण्याचे आणि हालचालीचे भाग कुठे आहेत हे पाहण्यासाठी शल्यविशारद एफएमआरआयचा आधार घेतात. तिथे गटाची सरासरी नसते, समोर एकच रुग्ण असतो. सुरी कुठवर न्यायची हे ठरवताना आठ मिलिमीटर हे फार मोठे अंतर आहे. न्यायालयांचेही तसेच. पुण्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये एका खून खटल्यात शिक्षा ठोठावताना मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचा अहवाल विचारात घेतला होता. ती चाचणी एफएमआरआयची नव्हती, तंत्र निराळे होते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना अशा चाचण्या करायला मनाई केली. तरी मेंदूच्या चाचणीचा अहवाल समोर आला, की त्यावर किती सहज विश्वास बसतो, हे त्या प्रकरणातून दिसले. मेंदूच्या नकाशावरचा रंगाचा डाग कोणत्या मापाने उमटला आहे, हे विचारण्याची सवय संशोधनाच्या टप्प्यावरच लागली, तर पुढे रुग्णालयात आणि न्यायालयात ती कामी येईल.

म्हणून आपल्याकडे मागणे असे आहे. एफएमआरआय किंवा मेंदूच्या अन्य प्रतिमांवरच्या प्रत्येक प्रकल्पाच्या प्रस्तावात स्मूदिंगचे माप आधीच लिहून घ्यावे आणि सोबत त्याचे कारण, म्हणजे मेंदूचा कोणता भाग शोधायचा, तो केवढा, व्हॉक्सेल केवढा, विश्लेषण घनात होणार की पृष्ठभागावर. स्कॅन पाहिल्यावर माप बदलावे लागले, तर बदलावे. पण मूळ माप कोणते होते आणि ते का सोडले, हे निबंधात यावे. मुख्य निष्कर्ष दोन-तीन मापांना टिकतो का, हे पुरवणीत दाखवावे. न टिकणारा निष्कर्षही छापण्याजोगा असतो, तो टिकत नाही हे लिहिलेले असले म्हणजे झाले. अनेक मापे चाळून त्यांतून सर्वोत्तम निवडायचे असेल, तर त्या चाळण्याची किंमत गणितात धरावी. वर्स्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्येच त्याची रीत दिली आहे.

आणखी एक मागणी नकाशांची. आपल्या विभागाने आणि जैवतंत्रज्ञान विभागाने डिसेंबर २०१४ मध्ये सार्वजनिक पैशातून झालेले निबंध खुल्या भांडारात ठेवण्याचे धोरण आणले. ते धोरण नकाशांपर्यंत आणि मूळ प्रतिमांपर्यंत वाढवावे. एकदा स्मूद केलेल्या प्रतिमेतून पुसलेला तपशील परत मिळत नाही. मूळ, स्मूद न केलेली प्रतिमा सहभागींची ओळख पूर्ण झाकून जपून ठेवली, तर उद्याचा संशोधक तिला त्याच्या प्रश्नाचे माप लावू शकेल. एक्लुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१६ चा शोध लागला, तो परक्या प्रयोगशाळांनी आपले स्कॅन उघडे ठेवले म्हणूनच. असे नकाशे आणि स्कॅन ठेवायला न्यूरोव्हॉल्ट आणि ओपनन्यूरो ही मोफत भांडारे आज चालू आहेत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे : आपल्याकडे आधीच कागदपत्रांचे ओझे फार आहे, तरुण संशोधकांच्या वाट्याला आणखी एक रकाना कशाला? पण हा रकाना भरायला जो विचार लागतो, तो विश्लेषण करणाऱ्याला कधीतरी करावाच लागतो. प्रस्ताव लिहिताना केला तर अर्धा तास जातो. निबंध परत आल्यावर केला तर सहा महिने जातात, आणि तोवर स्कॅनरचे पैसे खर्च झालेले असतात. दुसरा आक्षेप संशोधकाच्या स्वातंत्र्याचा. इथे कुणावर अमुक माप लादा, असे म्हटलेले नाही. आठ हवे त्याने आठ घ्यावे, दोन हवे त्याने दोन. कारण मात्र लिहावे.

२०२३ च्या कायद्याने ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ उभे राहिले आहे आणि निधीवाटपाचे नियम नव्याने घडत आहेत. नियम एकदा रुळले, की ते बदलायला वर्षे लागतात. मेंदूच्या प्रतिमांवरच्या प्रकल्पांसाठी पुढची प्रस्ताव-मागणी निघेल तेव्हा तिच्यात दोन ओळींची जागा ठेवावी : स्मूदिंग किती मिलिमीटर, आणि का. प्रस्ताव तपासणाऱ्या तज्ज्ञांनाही सांगावे, की दुसरी ओळ कोरी असेल तर प्रस्ताव परत पाठवा.



मेंदू-संशोधनाबद्दल आस्था असणारा एक नागरिक